ऐरणीवर राहिलेले

वळीव झोडपून गेला तेव्हा सेकंड शिफ्ट निम्मी झाली होती.
शिरोलीची लाईट गेली.
भट्टीभोवतीचं पाणी फिरतं राहावं म्हणून
मुल्लाणी जनरेटरला शिव्या घालत पळाला.
पत्र्यावर गारा.
पोरांनी हेल्मेटं उलटी धरली, मूठमूठ खाल्ल्या.
खाली आल्या त्यांचं कौतुक झालं.

मी लॅबच्या दारात.
ढगाचा माथा जोतिबाच्या डोंगरावर चेपून सपाट झालेला,
एका बाजूला शिंग काढलेली ऐरण
जयसिंगपूरकडं हळूहळू सरकणारी.
आमच्याकडं अंधार पडला होता,
तिच्या कडेला अजून ऊन होतं.

वर काय चाललं असेल, मला थोडंफार कळतं.
सोळा वर्षं बिडाचे तुकडे घासते,
आम्लात बुडवते, भिंगाखाली धरते,
निवताना वस्तू काय काय ठरवते ते बघते.

लॅडलमध्ये आम्ही चिमूटभर पूड टाकतो.
दाणा धरायला काहीतरी लागतं.
"विरजण हाय ते, मॅडम," मुल्लाणी म्हणतो.
ढगातही तेच. गुऱ्हाळाची काजळी, नांगरटीची धूळ,
ज्या थेंबाला कण सापडला तो आधी गोठला,
जड झाला, आला
कुणाच्या तरी हेल्मेटात.
बाकीचे चढत राहिले.
उणे वीस, उणे तीस, तरी पाणीच.
हट्ट म्हणा, विसरभोळेपणा म्हणा.
उणे अडतीसच्या आसपास मात्र विरजण लागत नाही.
सगळे एकदम थिजले,
पाकळ्या काढायला सवड न मिळता
होते तसेच, गोल, साबुदाण्याएवढेही नाहीत,
त्याच्याही कितीतरी बारीक.

मग वीज.
हुपरीत मुल्लाणीची बहीण मजुरीवर मणी झाळते,
एकाला एक, एकाला एक,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
विजेनं ताणलेल्या त्या हवेत
गोठलेले थेंब असेच एकमेकांना डसतात.
साखळ्या होतात,
वेड्यावाकड्या, कुणाच्या गळ्यात न घालण्यासारख्या.

साडेनऊला चांदणं फुटलं, पातळ, दुधाळ.
मुल्लाणी चहा घेऊन आला, वर बघून म्हणाला,
"खळं न्हाई पडलं चंद्राला. असल्या ढगाला पडाय पायजे की."
मी म्हटलं, अजून कोवळे आहेत.
खळ्याला सहा बाजू लागतात, गुळगुळीत,
उजेड एकाच कोनात वळवणाऱ्या.
ह्या गोळ्यांना अजून बाजू फुटल्या नाहीत.
"मग फुटतील कधी?"

त्याचं उत्तर नीट देता आलं नाही.
वाफ मिळाली तर फुटतील.
मोठे कण खालच्या कोरड्या हवेत घसरतील,
वाटेतच संपतील, ओल्या रेघेसारखे,
जमिनीपर्यंत न पोचता.
अगदी लहान असतील ते
पाणी न होताच उडून जातील.
मधले राहतील. त्यांना रात्र मिळेल.
ढग जितका विरळ, तितकी एकेकाला जागा जास्त,
आणि मग कदाचित
कडा, कोपरे, एखादी सपाट बाजू.

"म्हणजे वादळ संपल्यावरच त्येंचं काम सुरू," तो म्हणाला,
आणि कप विसळायला गेला.

लाईट आली. आठव्या हीटचं सॅम्पल टेबलावर होतं.
भिंगाखाली झाडं दिसली, फांदीला फांदी,
घाईत गोठलेल्या धातूची,
मधेच एक छिद्र.
रिजेक्ट लिहिलं.

बारा वाजता गेटवर सगळे गाड्या पुसत होते.
ऐरण उरली नव्हती, विस्कटलेला कापूस फक्त,
पार मिरजेच्याही पलीकडं.
चंद्राच्या डाव्या अंगाला
एक फिकट कमान होती, पाव खळं म्हणू फार तर.
मुल्लाणी निघून गेला होता.
मी त्याला फोन लावला.
पाच वेळा वाजला. गाडीवर असणार.
परत लावला तोवर
कमान होती की नव्हती, मलाच सांगता येईना.