बावन्न ग्रॅम

आधी मी एकटी काट्यावर उभी राहते,
मग हुलग्याला कडेवर घेऊन.
दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की
बोका उरतो : सहा किलो आठशे.
माझा आकडा मी वहीत लिहीत नाही.

पाठ संपते तिथे, शेपटीच्या जरा अलीकडे,
त्याच्या कुळथाच्या रंगाच्या केसांत
कोंडा पडलाय, बारीक रव्यासारखा.
मला वाटलं पिसवा. मग वाटलं बुरशी.
मग ग्रिम्सबीवर दोष ढकलला :
ही खारी हवा, हा रात्रभर तापणारा हीटर.

डॉक्टर ॲग्न्येश्काने त्याला पालथा, उताणा केला,
बरगड्या चाचपल्या, सापडेपर्यंत.
तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, दुसऱ्या घरून आलेलं,
त्यामुळे ती मोजकं बोलते :
"तिथे त्याची जीभ पोचत नाही.
पोट मध्ये येतं."

म्हणजे रोग नाही.
अंतर.

तेव्हापासून दिवसाचे बावन्न ग्रॅम.
चकलीची भाजणी मोजते त्याच काट्यावर,
वर माशाच्या तेलाचे थेंब, केसांसाठी.
घाई करायची नाही, तिने बजावलंय,
उपाशी मांजराचं यकृत रुसतं
आणि रुसलं की सहज मनवता येत नाही.
मी तर औषधाच्या दुकानात दिवसभर
लोकांना गोळ्या मोजून देणारी.
मला कोण मापं शिकवणार?

पहिला रविवार : सहा आठशे.
दुसरा : सहा आठशे.
तिसरा : सहा आठशे पन्नास.

काटा बदलला. सेल बदलले.
दोन दिवस स्वतःवरही संशय घेतला.

इकडे शिंकी नसतात तुटायला.
नॉर्मनच्या कुंपणाची एक फळी मात्र तुटली होती
आणि बोक्याचं फावलं होतं.
पलीकडे बशी. निळ्या काठाची, चाटून लख्ख.
हॅडॉकची साल, लोण्यात परतलेली,
रोज अकरा वाजता, मी कामावर असताना.
चाळीस वर्षं गोदीत मासळीच्या पेट्या उचललेला माणूस,
तो काय ग्रॅममध्ये वाढणार?
तो ह्याला स्किपर म्हणतो.
आणि हा लबाड, त्याही नावाला ओ देतो.

भांडायची वाक्यं मी मराठीत जुळवली,
दाराशी जाईतो इंग्रजीत केली,
नॉर्मनने दार उघडलं, पायांत बायकोच्या फुलाफुलांच्या सपाता,
आणि माझी जीभही
पोचायची तिथे पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत
सतरा ग्रॅम घालून नेले.
"हे तुमचे. बाकीचे माझे."
त्याने बरणी उजेडात धरली, हलवली.
"एवढेच?"
अगदी हुलग्यासारखं बघत.
मग टेबलावर ओतून, चष्मा लावून, एकेक दाणा मोजला.
त्रेचाळीस.
आता तो रोज मोजतो. बेचाळीस निघाले
तर कुंपणावरून हाक मारतो.

हॅडॉक बंद झाला असं नाही म्हणत मी.
रविवारी तो येतो तेव्हा कोटाला वास असतो.
बोक्याला घेऊन काट्यावर चढतो, मग एकटा,
आणि स्वतःचा आकडा खणखणीत वाचून दाखवतो
जणू पेटीवर खडूने लिहायचाय.

सप्टेंबर. सहा दोनशे दहा.
मागच्या पायरीवर उन्हाचा तुकडा आहे, बशीएवढा.
हुलग्या त्यात बसून एक पाय आभाळाकडे करतो,
मान वळवतो, अजून वळवतो,
कलंडतो, परत सावरून बसतो.
आम्ही दोघं चहा हातात धरून बघतोय,
कुणी बोलत नाही.

अजून दोन बोटं.