उंबरठ्याखाली

सहा पायांवर उभी ही पांढरी खोली
कुठेच जात नाही.
हूफ्डोर्पच्या शेडमध्ये, समुद्राहून चार मीटर खाली,
बावीस वर्षं मी तिला उडायला शिकवतेय.

युक्ती सांगते. पडद्यावर धावपट्टी सुटली
की आम्ही खोलीचं नाक हळूच वर उचलतो.
पाठ खुर्चीत रुतते,
आणि माणूस म्हणतो, घेतला वेग!
घेतलेला नसतो. त्याचंच वजन
आम्ही त्याला दुसऱ्या नावानं परत दिलेलं असतं.
कानाच्या आत खडूचे बारीक कण आहेत,
त्यांना उतार आणि ओढ यांतला फरक कळत नाही.
डोळे सांगतील ते खरं मानतात बिचारे.

अवघड असतं ते परत येणं.
पाय पुरते ताणले की पुढच्या धक्क्याला जागा उरत नाही.
म्हणून खोली मधोमध आणायची,
सेकंदाला तीन अंशांहून कमी,
झोपलेल्या मांजराखालून हात काढावा तशी.

डाउवे टेर्पस्त्रा नेमकं तेच पकडायचा.
निवृत्त वैमानिक. दर गुरुवारी सायकलवरून,
निथळत्या कोटासकट खुर्चीत.
डोळे मिटायचा, बोट वर करायचा :
"इथं. इथं खोटं बोललीस, वित्स्के."
मी आकडा खाली आणायची. पुन्हा बोट. पुन्हा आकडा.

परवा तो आकडा चुकून सहावर राहिला.
ध्यानात येईतो खोली परत फिरलेली,
माझी पेन्सिल टेबलावरून घरंगळली,
मी कडी धरली.
डाउवेचं बोट मांडीवरच.
"छान," म्हणाला, "काहीच कळलं नाही."

मी आठ केला.
"छान."

मग आकडा तीनवर आणला, आणि मगच सही मागितली.
बाकीचं जिभेवर होतं, तिथंच राहिलं.
खोली उतरवली ती अर्ध्या अंशानं,
आजवर कुणालाच इतकी सावकाश उतरवली नव्हती.
"आलो?"
"केव्हाच."

पूल खाली आला. कठडा धरून तो चालू लागला,
जिन्याला एक पायरी जास्त असावी तसा.
बाहेर सकाळपासून पाऊस.
आणि त्याचा कोट कोरडा.

दारातून पाहिलं :
त्याच्या नेहमीच्या खांबाला सायकल नव्हती.
समोर टॅक्सी उभी होती, दिवा लावून,
ड्रायव्हर उतरून, न सांगता,
त्याचा दंड धरायला येत होता.