दोहा ते ऑकलंड

फोन म्हणतो, साडेचौदा हजार किलोमीटर.
सोळा तास.

मी सावद्याला, केळी पिकवायच्या खोलीत, रातपाळीला.
काल उतरवलेले घड हिरवेगार.
अजून चार दिवस. इथं घाई चालत नाही.

शैले, तुझं विमान
नकाशावर मुंगीएवढं
निळ्यात नुसतं उभं.
बाहेर वजा पन्नास, म्हणे.
माझा काटा अठरावर.

तेवढ्यात दोन ट्रक भरले,
भरीत-भाकरी झाली,
लाईट गेली,
आली.
मुंगी बोटभर सरकलेली.

पहाटे घरी गेलो तर आई उठून बसलेली:
कुठवर पोचली रे पोरगी?

भुसावळच्या पुढं, मी म्हणालो.

तिनं मान हलवली.
तिच्या हिशोबात भुसावळच्या पुढचं
सगळं सारखंच लांब.