काठ

शेडबाळे साहेबांनी दुर्बिणीतून डोळा न काढता विचारलं,
"तलावाचा काठ नेमका कुठाय गं?"
मी घोटाभर गाळात स्टाफ धरून उभी,
लाल-पांढरी पट्टी, माझ्याहून दुप्पट उंच,
रोजंदारी चारशे, छत्री स्वतःची.

मला ठाऊक होता तो काठ मागावरचा.
नायना विणायचे शेवटची चार बोटं,
तिथं उभे धागे दाट, धोट्याचा आवाज वेगळा.
म्हणायचे, काठ सैल पडला की
मधलं लुगडं कितीही देखणं असू दे,
उसवतंच.

साहेबांच्या नकाशात तो निळी रेघ होता,
पेन्सिलीच्या टोकाएवढा.

खरा काठ कुठं एका जागी असायचा?
मे महिन्यात तो पार आत पळायचा,
भेगाळलेल्या गाळात पोरं स्टंप ठोकायची.
भाद्रपदात बाहेर यायचा,
पिराजी भोयाच्या कुडाला हात लावून
मागं फिरायचा,
शिवाशिवीत राज्य आल्यासारखा.
पिराजीची बाई त्या ओल्या खुणेवर
दरसाल खडूनं रेघ मारायची.
अकरा रेघा होत्या. कूड पाडला तेव्हा
कुणी मोजल्या नाहीत. मी मोजल्या.

पाणी काही सोवळं नव्हतं, उगाच कशाला बोलू.
रंगाच्या कारखान्यांचा नाला तिथंच सुटायचा.
मंगळवारी मोरपंखी, शुक्रवारी जांभळं,
कुठल्या रंगाच्या चादरींची ऑर्डर लागलीय
ते फेसावरून कळायचं.
मी शाळेत सांगितलं, गुलाबी पायांचे पक्षी आलेत.
गुरुजी हरखले, "रोहित असतील, लांबचे पाहुणे!"
नव्हते.
आमचेच बगळे होते.

मग जेसीबी आला. जलपर्णी ढिगानं बाहेर,
तिच्यात चपला, नारळ, एक सायकल,
गणपतीचा एक हात, अंगठी शाबूत.
काठाला दगड बसले, दगडाला सिमेंट,
सिमेंटवर जांभळट फरशा, फरशांवर रेलिंग,
आणि ठरलं,
पाणी आता इथपर्यंतच.
पाण्याला कुणी विचारलं नाही,
पण पिराजीलाही कुठं विचारलं होतं?
त्याला मिळाली तिसऱ्या मजल्यावर खोली,
जाळं गॅलरीत वाळत टाकतो,
कोरडंच.

सकाळी लोक चालतात, बरं वाटतं त्यांना,
माझीही शुगर निघालीय, मीही चालते.
दिव्यांखाली पोरी निर्धास्त बसतात हे चांगलंच आहे.
संध्याकाळी कारंजं नाचतं.
नाला फरशीखालून जातो,
आज कुठला रंग,
कळत नाही.

परवा अम्माला घेऊन गेले.
चाळीस वर्षं विड्या वळून पिवळी पडलेली बोटं,
कारखान्यातून सुटली की ती इथंच धुवायची,
तंबाखूचा वास घरात नको म्हणून.
रेलिंगपाशी उभी राहिली. हात खाली सोडला.
हवेतच राहिला.
"नीळ्ळु एवढं लांब का ठेवलंय गं?"
आणि मग, मराठीत, हळूच,
"हात कुठून लावायचा?"

मी तिला एकोणचाळीस नंबरच्या खांबापाशी नेलं.
तिथं दोन गज कमी आहेत.
वेल्डर गुलबर्ग्याचा होता, तरणा, वायरीवरून रोज कावायचा.
त्याला मी चहा पाजला होता, दोनदा,
आणि म्हटलं होतं, माप चुकलं म्हण.
बिल निघालं तेव्हा शेडबाळे साहेब
त्या फटीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे.
काही बोलले नाहीत,
वहीत "ठीक" लिहिलं.

अम्मा आडवी होऊन त्यातून गेली,
गुडघ्यावर लुगडं धरून,
दगडादगडानं खाली.
बोटं बुडवली.
वर बघून म्हणाली, "गारंय."
तिच्या लुगड्याचा काठ भिजला होता,
चार बोटं,
आणि पाणी त्यातून
वर चढायलं होतं.