द्वारकेची पुढची वही

कादंबरी संपते तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात.
शेवटची फेरी धक्क्यावरून सुटलेली,
द्वारका पायरीवर उभी, चपला हातात,
पलीकडे श्रीरंगचा कंदील, मग तोही नाही.
खाली लेखकाने एक रेघ मारलीय, आणि 'समाप्त'.

चौदा वर्षांची असताना त्या 'समाप्त'वर
मी पेन्सिलीने काट मारली.
वाचनालयाचे सावळो कारेकर म्हणाले, पन्नास पैसे दंड.
भरला.

तेव्हापासून लिहिते आहे.

कुंभारजुव्याच्या पंचायतीत तीस वर्षं
जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या.
नाव, बापाचं नाव, तारीख, घर नंबर.
चुकलेले फॉर्म घरी आणायचे, सुईदोऱ्याने शिवायचे,
आणि पाठकोऱ्या बाजूवर
द्वारकेला पलीकडे पोचवायचं.

पहिल्या वहीत ती पोहत गेली.
(सतराची होते मी. माफ करा.)
दुसऱ्या वहीत श्रीरंगच परत आला होडी वल्हवत,
आणि पुढची तीन पानं
मी आईच्या भीतीने तांदळाच्या पिंपात ठेवली.
तिसरीत लग्न.
चौथीत हात थांबला.
प्रेमात पडलेली माणसं सकाळी उठून काय बोलतात
हे कुठल्याच कादंबरीत दिलेलं नव्हतं,
आणि घरात विचारायची सोय नव्हती.

मग शेजारी कान लावला.
ज्योकिम रोज एस्पेरान्सला विचारायचा,
पोदेर येऊन गेला काय गो?
ती म्हणायची, तुझे कान कुठे होते?
चाळीस वर्षं, तेच.
ते मी उचललं.
सहाव्या वहीत दोघं बांगड्यांच्या भावावरून भांडतात,
साडेपाच पानं, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही.
इतकं शृंगारिक मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

शाबा मास्तर म्हणाले, दुसऱ्याच्या माणसांना हात लावू नये.
लेखकाने तिला पायरीवर सोडली ती विचार करून.
त्या न पोचण्यातच तर कादंबरी आहे.
मी म्हटलं, बरोबर.
पण मास्तर, भरती चढतेय, पायरीवर शेवाळ आहे.
तुम्ही पुस्तक मिटून जेवायला गेलात,
तिला साठ वर्षं बसायला साधा बाकही नाही.

मास्तर काही बोलले नाहीत.
पुढच्या बुधवारी सातवी वही मागायला आले,
पिशवीत भाजीखाली घालून नेली.
बायकोला वाचायची आहे, म्हणाले.
बायको जाऊन तीन वर्षं झालेली.
नोंद मीच केली होती.

आता खाडीवर पूल झालाय.
पोरं स्कूटरवरून दोन मिनिटांत पलीकडे जातात,
एक हात हँडलवर,
दुसरा मागे बसलेलीच्या गुडघ्यावर.
जुन्या धक्क्यावर कुणीतरी जाळी वाळत घालतं.
भाची विचारते, आत्ये, हिने फोन का नाही केला?

नवव्या वहीत द्वारका एकाहत्तरची आहे.
श्रीरंगला कमी ऐकू येतं.
संध्याकाळी ती म्हणते, चल, पूल बघून येऊ.
मधोमध तो थांबतो, दम लागला म्हणून,
कठड्यावरून खाली वाकतो.
पायरीवर कोणीतरी उभी आहे,
चपला हातात.

ती कोण गो? तो विचारतो.

द्वारकेने ओळखलंय.

इथवर आलेय. चार फॉर्म उरलेत.
ती खालच्या मुलीला हाक मारते,
की तुझे डोळे कुठे असतात म्हणत
त्याचा हात धरून परत फिरते पोदेर यायच्या आत,
हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

उद्या बुधवार.
मास्तरांची पिशवी येईल.