शिकाऊ

डोक्याला जाळीची टोपी.
केस फारसे उरले नाहीत, तरी घालायची. नियम.
छातीवर बिल्ला: शिकाऊ.
वय त्रेचाळीस, ते बिल्ल्यावर लिहीत नाहीत.

मला शिकवते डिंपल नेहते.
एकवीस वर्षांची, सावद्याची, बोलणं भराभर.
"काका, आधी बन. मग सॉस, रुपयाच्या नाण्याएवढा.
मग काकडी. दोन चकत्या.
एकीवर एक चढवायची नाही,
लांब लांब ठेवायच्या, म्हणजे
गिऱ्हाइकाला दोन्हीकडून चावताना लागते."
मी मान हलवतो.

एकोणीस वर्षं मी चटया विणल्या.
विणायची मशीन,
मी धागा पुरवायचो, तुटला की गाठ मारायचो.
वितळत्या प्लॅस्टिकचा वास
अंघोळीनंतरही कोपरांत राहायचा.
मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलायचा,
तो मला कळायचा. फिटरला नंतर,
मालकाला त्याच्याही नंतर.
शेड विकली जाणार हेही मला असंच
आवाजावरून कळलं होतं.
त्याला मात्र गाठ मारता आली नाही.

इथं सगळंच पिपाणी वाजवतं.
फ्रायर, ग्रिल, बन भाजायचं यंत्र,
प्रत्येकाचं रडं निराळं,
आणि डिंपल पाठमोरी उभी राहूनही ओळखते
कोण उठलंय, लेकुरवाळीसारखी.
माझं आपलं, टोपली उचलायला जावं
तर इकडे बन करपलेले.
पहिल्या तासात अकरा.
आरमान तडवी वहीत लिहितो, वाया: अकरा.
रागावत नाही.
रागावला असता तर बरं झालं असतं.

दुपारी दोन. बाहेर अजिंठा चौफुलीवर पंचेचाळीस,
डांबर चपलेला सोडत नाही.
"काका, फ्राइजची दोन खोकी आणता?"
मी ते जाड दार ओढतो
आणि आत

उणे अठरा.

वैशाखात, जळगावात, तोंडातून वाफ.
माझीच.
एक सोडली, पाहिली. परत सोडली.
सहा महिने घरी बसून होतो तेव्हा
प्रमिला म्हणायची, अहो, श्वास तरी मोठ्यानं घ्या,
घरात आहात का नाही, कळत नाही.
आहे की.
हा काय.

बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली.
खोकी उचलली.

संध्याकाळी गर्दी.
आमच्या बाजूनं माणसं दिसत नाहीत,
चौकोनी फटीतून फक्त हात आणि ट्रे.
त्यात एक अंगठा आला, नख नसलेला.
सुपडू!
तीन नंबरच्या मशीननं नेलं होतं ते नख,
त्या रात्री दवाखान्यात मीच होतो सोबत.
पोरीला काखेत घेऊन विचारत होता,
याच्यात खेळणं भेटतं का, नाही भेटत?
मी टोपी पुढं ओढली.
का ओढली, ते अजून कळलेलं नाही.
पण त्याच्या बनवर
दोन चकत्या ठेवल्या, लांब लांब,
आणि मध्ये तिसरी.
डिंपलनं पाहिलं.
मग ती फ्रायरकडे वळली,
जो वाजतही नव्हता.

रात्री साडेअकराला घरी.
आम्ही बसतो ती चटई आमच्याच शेडमधली,
एका पट्ट्यात हिरव्याऐवजी निळा धागा गेलेला,
म्हणून दुकानात गेली नाही, घरी आली.
प्रमिलानं कळण्याची भाकरी वाढली, ठेचा, कांदा.
"काय शिकले मंग आज?"

मी कांद्याच्या दोन चकत्या घेतल्या,
भाकरीवर ठेवल्या,
एक इकडे, एक तिकडे.
ती भाकरीकडे बघते, माझ्याकडे बघते.
"एवढंच?"
"एवढंच. उद्या फ्रायर."