कोणाची

तारामुंबरीच्या खाडीकडेला
वईला पडलेलं भगदाड बुजवायला
कुणीतरी ती आडवी घातली होती.
वर पडवळाचा वेल चढला, वाळला, परत चढला.
शफी भंगारवाल्याने वेलासकट ताणकाट्याला टांगली :
अठरा किलो, तीस रुपयांनी पाचशे चाळीस.
वेलाचे पैसे नको, म्हणाला.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
खारं पाणी लोखंडाचं काय करतं
हे मला कुणी शिकवायला नको.
तरी पायडलचा दांडा सोडवण्यात तीन दिवस गेले.
रॉकेल, डिझेल, स्टोव्हची आच,
आणि मध्ये मध्ये माझ्या तोंडची भाषा.
चौथ्या दिवशी कॉटर सुटला,
तर आतून छर्ऱ्यांच्या आधी
मूठभर वाळू गळली.
कोरडी. कुठल्या पुळणीची कोण जाणे.

रिमा बिंबलांच्या रसात बुडवल्या.
नाहीतरी झाडाखाली सडूनच जातात.
सकाळी बालदीतलं पाणी चिऱ्याच्या खाणीसारखं लाल,
आणि रिमेवर
माझं अर्धं तोंड.

हिरव्या रंगाखाली काळा, काळ्याखाली लाल.
मला वाटलं, परत गंजच.
पॉलिशपेपर घासत राहिलो तरी लाल संपेना.
मग सीटखालच्या नळीवर बोटाला लागला
पोस्ट-तार खात्याचा ठोकलेला नंबर.

डावं पायडल झिजून नुसता दांडा.
उजवं कोरं, रबरावरची नक्षीसुद्धा शाबूत.
सीट डावीकडे कललेली.
तेव्हा ओळखली.

गंगाराम मिठबावकर.
उजवा पाय लहानपणीच गेलेला, नुसता लोंबकळायचा.
चढणीला उतरायचा, सायकल धरून चालायचा,
म्हणजे सायकल त्याला धरून चालायची.
मनीऑर्डरी आणणारा दुसरा होता,
त्याला लोक चहा विचारत.
गंगाराम तार आणायचा.
लांबून घंटी आली की बायका
चुलीवरचं उतरवून ठेवत.
तो पुढे गेला की परत चढवत,
आणि ज्या घराशी तो थांबला
त्या घराकडे बराच वेळ बघत नसत.
म्हणे, शेवटी शेवटी त्याने घंटी वाजवणंच सोडलं.
तर लोक म्हणाले, हे तर आणखी वाईट,
आता तो कधीही येतो.

पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस.
एकेक ताणून नखाने वाजवून बघितली.
दोन तुटक्या निघाल्या, त्या कणकवलीहून आणल्या.
बाकीच्या सत्तर त्याच्याच.

घंटी सगळ्यात शेवटी.
वाटीच्या आत कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं.
ते खरवडलं, आमसुलाने पितळ घासलं,
तेलाचा एक थेंब.
वाजवून मात बघितली नाही.
का, ते विचारू नका.

काल संध्याकाळी जामसंड्याच्या उतारावर
समोर कोंबडं आलं. अंगठा आपोआप दाबला गेला.
एकदाच.

जयवंतीकाकी खळ्यात आली.
पंच्याऐंशीची असेल. टीव्ही एवढा मोठा लावते
की बातम्या आम्हाला घरबसल्या कळतात.
पण ही तिने ऐकली.
हात लुगड्याला पुसले. पायरी उतरली.
एक हात खांबाला.
"कोणाची?"

ब्रेकचे रबर नवे, तरी सायकल थोडी घसरत गेली.
सायकलचंच विचारते आहे असं धरून मी म्हटलं,
"माझी. माझीच गो, काकी."

तिने मला वरून खाली बघितलं.
खांब सोडला.
"मगे हय कित्या उबो, झिला?
घराक जा. आदी घरात सांग."

कोंबडं कधीच पलीकडे पोचलं होतं.
पुढे चढ नव्हता, तरी उतरलो.
घरापर्यंत चालत आलो,
एक हात हँडलला,
दुसऱ्याचा तळवा घंटीवर.